पितृपक्षात डिस्क बसवत नाहीत

माझ्या या काकांना आमचा सगळा नानाखेडा भाग भय्यासाहेब म्हणतो, मी भय्याकाका म्हणते, आणि मनातल्या मनात जे म्हणते ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. ते माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, आवाज मात्र अजून मुख्य अभियंत्याचा. बसस्टँडमागच्या कॉलनीत तीन खोल्यांचं घर, आणि त्या घरात दोनच माणसं: ते आणि त्यांची धाकटी बहीण, जयूआत्या. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रुचिर बंगळुरूला असतो आणि फोनवरून सल्ले देतो. जयूआत्यानं लग्न केलं नाही. ती टपाल खात्यात होती, निवृत्त झाली, आणि आता भावाचा स्वयंपाक करते.

आमचं आडनाव दप्तरदार. अठराव्या शतकात आमच्यातला कोणी एक जण शिंद्यांच्या फौजेमागून माळव्यात आला आणि दरबारी कागदांची बासनं बांधायला बसला. बस, एवढंच. त्यानं लढाई जिंकली नाही की घाट बांधला नाही. पण भय्याकाकांच्या तोंडून ऐकाल तर शिंदे नुसते घोड्यावर बसायचे, राज्य आमचा पूर्वज चालवायचा. या थोर पूर्वजापासून आजपर्यंतच्या सगळ्या दप्तरदारांची नावं, जन्म, मृत्यू, शिक्षण, पराक्रम एका ग्रंथात आणायचे, म्हणजे आमचा कुलवृत्तांत काढायचा, हे काकांचं सव्वीस वर्षांपासूनचं व्रत. त्यात पराक्रमाच्या रकान्यात ‘तालुका पातळीवर बॅडमिंटन’ असलं काहीही चालतं. नाव मात्र पुरुषाचं लागतं. मुली आकड्यात येतात. माझ्या वडिलांच्या नोंदीत मी ‘कन्या : १’ आहे. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवला, आणि घराण्याच्या इतिहासात मी एक आकडा आहे.

माहिती गोळा करायची पद्धतही खास दप्तरदारी. तोंडी काही चालणार नाही, फोन चालणार नाही, टपालानं लेखी आलं पाहिजे. एकदा धारचे माधवराव दप्तरदार, बिचारे सत्तरीचे गृहस्थ, बस पकडून स्वतः आले. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मुलांची नावं सांगायला तोंड उघडलं. काका म्हणाले, “ते पत्रानं कळवा.” माधवराव धारला गेले आणि तिथून पोस्टकार्ड टाकलं. एकदा का पत्र आलं की मग त्यातला शब्द ब्रह्मवाक्य. “लिहून आलं तसंच छापायचं, एक काना इकडचा तिकडे होणार नाही,” हे काका दर पाहुण्याला ऐकवतात. कोणी स्वतःला ‘थोर समाजसेवक’ लिहून पाठवलं तर तोही तसाच चढतो.

ही सगळी पत्रं लिहिली कोणी? जयूआत्यानं. अकराशेच्या वर पोस्टकार्डं, ग्वाल्हेरपासून तंजावरपर्यंत. ‘आपले पूर्ण नाव, जन्मतिथी, शिक्षण, व्यवसाय व विशेष कार्य कळवावे’ हा मजकूर तिनं अकराशे वेळा हातानं लिहिला. उत्तरं लावली, न आलेल्यांना पुन्हा लिहिलं. काकांनी काय केलं? समोर ठेवलेलं एका बोटानं टाइप केलं आणि पहिल्या पानावर ‘संपादक व संकलक’ म्हणून स्वतःचं नाव घातलं. पोस्टकार्डांचे गठ्ठे, “आता मशीनमध्ये आलं ना,” म्हणून रद्दीवाल्याला देऊन टाकले. काही वर्षांपूर्वी जयूआत्यानं एकदाच, पोळी वाढता वाढता विचारलं होतं, “भय्या, माझं नाव कुठे येईल रे?” मी समोर होते. ते म्हणाले, “तुझं कशाला? तू तर घरचीच आहेस.” ती तूप आणायला आत गेली. तूप ताटाशीच होतं.

आता त्या मशीनविषयी. एकोणीसशे नव्याण्णव सालचा काळा लॅपटॉप. उचलायला दोन हात लागतात, आणि झाकण मिटताना कपाट बंद केल्यासारखा आवाज येतो. काकांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम फक्त त्यावरच चालतो, कारण त्या प्रोग्रामला मागच्या बाजूला अंगठ्याएवढी कुलपाची डबी लावावी लागते आणि ती लावायची जागा आजकालच्या कॉम्प्युटरना नसतेच. फ्लॉपी मरून पडलेली. पेनड्राइव्ह लावला तर मशीन त्याला ओळख दाखवत नाही. थोडक्यात, चौदा पिढ्या एकाच मशीनमध्ये कोंडलेल्या, आणि बाहेर निघायला वाट नाही.

श्रावणात त्या मशीनमधून टक-टक आवाज यायला लागला. काकांनी मला बोलावलं. मी कान लावला आणि सांगितलं, “हार्ड डिस्क जाते आहे. आजच काढा, मी माझ्या लॅपटॉपला लावून सगळं उतरवून घेते. तासाभराचं काम आहे.”

“उतरवून घेते मतलब? तुझ्या मशीनमध्ये?” त्यांच्या कपाळावर आठी. “घराण्याचं दप्तर घराबाहेर जाणार नाही. नवीन डिस्क आण, इथेच बसव, माझ्यासमोर.”

झालं. नवीन डिस्कची निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळं पाहतानासुद्धा आमच्या घराण्यात इतके नखरे कोणी केले नसतील.

पहिलं स्थळ रुचिरनं बंगळुरूहून पाठवलं. नवीकोरी, पत्त्याच्या कॅटाएवढी, आतमध्ये फिरणारं काही नाही, जागा एवढी की सगळ्या माळव्याचा कुलवृत्तांत मावेल. फक्त ती बसत नव्हती. या मशीनला दोन ओळींत बारीक टाचण्यांसारख्या पिना असलेली जुनी डिस्क लागते, आणि रुचिरच्या डिस्कला चपट्या पट्ट्या. पोरगा मोठ्या कंपनीत आहे, पण बापाचं मशीन उघडून बघावं किंवा निदान विचारावं, एवढं सुचलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं हा आमचा जुना घराणेधंदा.

दुसरं स्थळ देवास गेटचं. तिथे जुन्या लॅपटॉपांचे सुटे भाग विकणारं एक दुकान आहे. काकांना घेऊन गेले. दुकानदारानं आमची डिस्क हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, “भिया, ये तो अजायबघर का माल है.” तरी बिचाऱ्यानं खोक्यातून तशीच एक शोधून दिली. काकांनी ती तळहातावर तोलली आणि चेहरा खुलला. “हां! याला म्हणतात चीज. वजन आहे.”

“काका, ही वीस वर्षं जुनी आहे. तुमची जशी चालली आहे तशीच हीही जाईल. म्हाताऱ्याच्या जागी म्हातारा कशाला?”

“जुनं ते सोनं,” काका म्हणाले. घरी येऊन मी ती तपासली. अर्धी आधीच मेलेली होती. सोनं परत करायला दुसऱ्या दिवशी मीच गेले.

तिसरं स्थळ मी सुचवलं आणि तेच खरं तर पहिल्या दिवसापासून योग्य होतं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत एक जाड कार्ड असायचं. ते कार्ड मशीनशी जुन्या डिस्कच्याच भाषेत बोलतं. त्याला एका छोट्या पट्टीवर चढवलं की दोन ओळींच्या पिनांत नेमकं बसतं, फिरत नाही, तापत नाही, टकटक करत नाही. आठ जीबीचं घ्यायचं, कारण त्याहून मोठं या मशीनच्या डोक्यात शिरत नाही. हे मी अगदी शाळेत शिकवायची तसं समजावलं. काकांनी कार्ड चिमटीत धरलं, नखानं टिचकी मारली.

“कॅमेऱ्याचं? एवढ्याशा टिकलीत चौदा पिढ्या? एकदम फालतू दिसतं आहे. भरोसा कसा ठेवायचा?”

मी म्हटलं, “पूर्वजांना वजन नसतं, काका.” हे त्यांना फार लागलं. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच कुठल्याशा मित्राला विचारून आले आणि जणू आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं म्हणाले, “मी असा विचार केला आहे की कॅमेऱ्याचं कार्ड घ्यावं.”

कार्डाची पट्टी दिल्लीहून मागवावी लागली. ती आली तेव्हा गणपती जाऊन पितृपक्षाचा पहिला दिवस उजाडला होता. मी पेचकस घेऊन दारात उभी. काकांनी पुडकं घेतलं, देवाजवळ ठेवलं आणि म्हणाले, “आता घटस्थापनेला. सोळा श्राद्धांत नवीन चीज घरात लागत नाही.”

“काका, डिस्क जिवंत आहे तोवरच तिच्यातलं कार्डात येईल. ती मेली तर हे कार्ड कोरं, तुमची सव्वीस वर्षं कोरी. डिस्क पंचांग पाहून मरत नाही.”

“पितर बघून घेतील. तू जबरदस्ती करू नको.”

याच सोळा दिवसांत आमच्या गल्लीतल्या पोरी भिंतीवर शेणाचं चित्र, म्हणजे संजा, मांडतात, रोज नवा आकार, रोज नवी फुलं, संध्याकाळी गाणी. त्यांना कोणी सांगत नाही की नवीन लागत नाही. पण पोरींना अक्कल असते. काका रोज सकाळी मशीन सुरू करायचे, टाइप काही करायचे नाहीत, कारण पितृपक्षात नवीन नाव चढवायचं नाही. नुसते टकटक ऐकत बसायचे आणि बंद करायचे. मरायला टेकलेल्या डिस्कला रोज उठवून पुन्हा झोपवणं हाच सगळ्यात वाईट उपाय, हे सांगून माझं तोंड दुखलं.

दशमीला आजोबांचं, म्हणजे काकांच्या वडिलांचं, दादांचं श्राद्ध. काका पहाटेच रिक्षा करून भैरवगडला सिद्धवटावर पिंडदानाला गेले. आठ वाजता जयूआत्याचा फोन आला. इतक्या वर्षांत तिनं मला स्वतःहून फोन केल्याचं आठवत नाही.

“केतकी, तो दोनपर्यंत येत नाही. तुझा पेचकस घेऊन ये.”

मी गेले. स्वयंपाकघरात खीर शिजत होती, वड्याचं पीठ भिजलेलं. मी चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, माझ्या लॅपटॉपला जोडली. अकरा वाजेपर्यंत ती कुरकुरत, अडकत सगळं ओकली. दोनदा थांबली तेव्हा जयूआत्या हातातला झारा तसाच धरून दारात उभी होती. मग ते सगळं कार्डावर उतरवलं, कार्ड मशीनमध्ये घातलं आणि बटण दाबलं. मशीन न कण्हता सुरू झालं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

“आमचं पान काढ,” जयूआत्या म्हणाली.

काढलं. आजोबांची नोंद, त्यांचा जन्म, मृत्यू, नोकरी. पुत्र : भय्यासाहेब, पुढे त्यांचं शिक्षण, पराक्रम, दीड पान. आणि शेवटी ‘कन्या : १’.

आत्यानं पदराला हात पुसले. “तो आकडा पुसायचा असेल तर कुठलं बटण?” मी दाखवलं. मग अक्षरं कुठे आहेत ते एकेक दाखवलं. तिनं दोन बोटांनी सावकाश टाइप केलं: जयवंती. आणि उठली.

“एवढंच?” मी म्हटलं. “आत्या, अकराशे पत्रं लिहिलीस. लिही ना काहीतरी!”

“वडे जळतील,” ती म्हणाली. मला तिचा खरंच राग आला. भावाइतकाच आला. मी असते तर दीड पान पुसून काढलं असतं.

मी जुनी डिस्क पुन्हा होती तिथे बसवली, कार्ड पुडक्यात घालून देवाजवळ ठेवलं. काकांना सांगायचं नाही असं ठरलं. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी मशीन उघडलं हे कळलं असतं तर त्यांनी ते कार्ड विटाळलं म्हणून क्षिप्रेत टाकलं असतं, यात शंका नाही. दोन वाजता ते आले, जेवले, खीर छान झाली म्हणाले.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी डिस्क मेली. शेवटची दोनदा टक केली आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ. काका दुपारपर्यंत त्या ओळीसमोर बसून होते. मी गेले तेव्हा पान वाढलेलं तसंच होतं. “गेलं सगळं,” ते म्हणाले. “मी कार्ड बसवू द्यायला हवं होतं.” असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचाच संताप आला. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं तर आत्यानं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. असा काढला की दोन दिवस निळं होतं.

घटस्थापनेला सगळं गेलेलं असूनही काकांनी मुहूर्त चुकवला नाही. कार्डाला हळदकुंकू वाहिलं. पट्टीच्या पिनांत कुंकू जाऊ नये म्हणून मी मध्ये हात घातला तर माझ्यावर डाफरले. मी कार्ड बसवलं, त्यांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. फाइल उघडली. चौदा पिढ्या जागच्या जागी. काकांनी हात जोडले, डोळ्यांतून धारा. “बघितलंस? म्हणत होतो ना, पितर बघून घेतील!” मग दसऱ्यापर्यंत कॉलनीत घरोघर हीच कथा. मी दातओठ खाऊन ऐकत होते. सकाळभराचं काम माझं, तळलेले वडे आत्याचे, आणि श्रेय पितरांना.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला. पडद्यावर दादांचं पान. “केतकी, इथे मी ‘एक’ लिहिलं होतं. नाव कोणी टाकलं?”

मी म्हटलं, “डिस्क अमावास्येला मेली. कार्ड तुमच्या देवाजवळ होतं. तुम्हीच सांगा.” यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी देवाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “दादांना जयू फार लाडकी होती.” पुसायच्या बटणाकडे त्यांचं बोट गेलंसुद्धा नाही. पितरांनी लिहिलेलं पुसायची छाती कोणाची? उलट, नुसतं नाव आता त्यांच्या हेडक्लार्कच्या डोळ्याला खुपायला लागलं. रकाने रिकामे. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “जयू, तुझी जन्मतिथी काय गं?”

सतराशे साठ सालापासूनच्या मेलेल्यांच्या तिथ्या ज्यांना तोंडपाठ, त्यांनी त्र्याहत्तर वर्षं सोबत राहिलेल्या बहिणीला हे विचारलं.

आत्या बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, “तोंडी चालत नाही ना? पोस्टकार्ड टाक. मी उत्तर देईन.”

चौथ्या दिवशी नानाखेड्याचा पोस्टमन कार्ड देऊन गेला. त्या घरातून निघून, देवास गेटच्या पेटीत पडून, त्याच घरी आलेलं. वीस वर्षं राहूनही काकांनी पिनकोड चुकवला होता. मजकूर आत्याचाच, शब्दन् शब्द: आपले पूर्ण नाव, जन्मतिथी, शिक्षण, व्यवसाय व विशेष कार्य कळवावे. आत्यानं चष्मा लावला, माझ्यासमोर उत्तर लिहिलं. जयवंती दप्तरदार. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७३. इंटर. टपाल खाते, निवृत्त. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. मी या वेळी काही बोलले नाही. तिनं लिहिलं: ‘या कुलवृत्तांतासाठी अकराशेहून अधिक पत्रे लिहिली. माहितीचे सर्व संकलन हिने केले.’

मी ते काकांना नेऊन द्यायला उठले तर तिनं थांबवलं. “हातात नाही. पेटीत टाक.” मी टाकलं, आणि त्याच्याबरोबर माझ्या नावाचं, माझ्या माहितीचंही एक.

आत्याचं कार्ड पोचलं त्या दुपारी मी तिथेच होते. काकांनी ते दोनदा वाचलं. पहिल्या पानावरचं ‘संपादक व संकलक’ उघडून पाहिलं, मिटलं. मग दादांचं पान काढलं आणि एका बोटानं, लिहून आलं तसंच टाइप करायला घेतलं. जयूआत्या स्वयंपाकघरात चहाचं आधण घेऊन उभी होती. टाइपिंगचा आवाज थांबेपर्यंत तिनं गॅस पेटवला नाही.